सायलेन्सरमधली माती

पुण्यात ससाणेनगरच्या आमच्या गल्लीत शाळेची एक ईको व्हॅन रात्री उभी असते. एके दिवशी सकाळी साडेसहाला व्हॅनकाकांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा आवाज झाला. चार बाल्कन्यांतून माणसं डोकावली. काकांनी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला, तर गाडीच्या पोटाखालचा मधला भागच गायब. इंजिनाकडून आलेला पाइप मोकळा लोंबत होता.

ईको चालवणाऱ्यांना ही चोरी नवी नाही. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये फक्त ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वारंवार पकडल्या आहेत. ही गाडी जमिनीपासून उंच असते, जॅक न लावताही माणूस खाली सरकतो आणि चार नटबोल्ट सोडवले की काम झालं. चोराला लोखंडात रस नसतो. त्याला हवी असते आतली ‘माती’. भंगाराच्या धंद्यात तिला हेच नाव आहे.

ही माती मूळ रूपात कशी दिसते, ते एका भंगारवाल्याकडे पाहिलं. फुटलेल्या डब्यातला चिनी मातीचा तुकडा त्याने हातावर ठेवला. करड्या रंगाचा, बिस्किटासारखा हलका. उजेडाकडे धरला तर आरपार दिसणारी बारीक चौकोनी भोकं, जणू मधाचं पोळंच. एका चौरस इंचात अशी चारशेच्या आसपास भोकं असतात आणि प्रत्येक भोकाच्या भिंतीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. सोन्याच्या दुकानात शोभतील असे हे धातू धूर गाळत नाहीत, धुराची रसायनंच बदलतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. त्यासाठी डबा अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावा लागतो. म्हणून तो इंजिनाच्या जवळ बसवतात. याचंच नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत नुसतं ‘कॅट’.

चोरी झाली, तक्रार दिली. खरा प्रश्न त्यानंतरचा. कंपनीचा नवा भाग महाग. काका गेले त्या गॅरेजमध्ये उत्तर तयार होतं : “काका, कंपनीचा कशाला घालताय? साधा बसवून देतो. गाडी उलट हलकी पळेल. पीयूसीचं बघून घेऊ.” साधा म्हणजे बाहेरून हुबेहूब, आतून पोकळ नळकांडं. आवाज बसतो, गाडी धावते, पैसे वाचतात. ज्यांचा कॅट चोरीला न जाता काजळीने तुंबतो, त्यांच्या बाबतीत तर काही गॅरेजवाले सळई घालून आतलं पोळंच फोडून काढतात आणि रिकामा डबा परत बसवतात.

गाडी मात्र इतक्या सहज फसत नाही. नव्या गाड्यांत कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्याचं वाचन सतत खालीवर होतं, मागच्याचं जवळपास स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की आत पोळं नाही हे गाडीच्या संगणकाला कळतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग तो दिवा विझवण्याची युक्तीही त्याच गॅरेजमध्ये मिळते.

कायदा याबद्दल गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. धूर आणि आवाजाची मर्यादा मोडल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण पकडलं काय जातं? बुलेटचा फटाका सायलेन्सर. त्याचा आवाज पोलिसाच्या कानावर पडतो, गाडी थांबते, सायलेन्सर उतरवला जातो आणि जप्त केलेल्या ढिगावरून रोडरोलर फिरल्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. ती कारवाई हवीच. रात्री अकराला सोलापूर रस्त्यालगत तान्हं बाळ झोपवणाऱ्या आईला विचारा. पण पोकळ कॅट आवाज करत नाही. तो कोणाच्याही कानावर पडणार नाही. त्याला पकडायची एकच जागा आहे : पीयूसी.

गाडी नोंदवून एक वर्ष झालं की पीयूसी लागतं. बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं. बीएस-4 पेट्रोल कारसाठी, इंजिन जागेवर मंद चालत असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. इंजिन तापवून, नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालून चाचणी केली, तर पोळं नसलेली गाडी तिथे अडकण्याची शक्यता बरीच असते. पण नळी तोंडाशीच टेकवली की बाहेरची हवा आत शिरते आणि आकडे सौम्य होतात. शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. दिल्लीत मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रं मिळाल्याचं ‘कॅग’च्या अहवालात नोंदलं गेलं, तो अहवाल 2025 मध्ये विधानसभेत मांडला गेला.

मला सर्वात जास्त खुपतं ते हे की आपण पुण्यात राहतो. वेताळ टेकडीवर 1966 पासूनची एआरएआय संस्था आहे. देशातल्या गाड्यांचा धूर तिथे रोलरवर चालवून तपासला जातो. बीएस-6 पेट्रोल कारला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 60 मिलिग्रॅम. शहराच्या एका टोकाला मिलिग्रॅमचा हिशेब आणि दुसऱ्या टोकाला गाडीखाली वाकून बघायलाही कोणी नाही.

वाकून बघणं अवघड नाही. कॅलिफोर्नियात बाहेरचा कॅट बसवायचा तर त्यावर राज्याने दिलेला मंजुरी क्रमांक असावा लागतो आणि तपासणी करणारा तो क्रमांक शोधतो. नेदरलँड्समध्ये 2023 पासून फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांच्या वार्षिक तपासणीत धुरातले कण मोजतात. आपल्याकडे पीयूसी केंद्रावर एक आरसा, एक टॉर्च आणि डब्यावरचा क्रमांक नोंदवायला एक रकाना एवढ्याने सुरुवात होईल. दंडही केवळ मालकाला का? पोकळ नळकांडं बनवणारा आणि विकणारा आधी पकडला जायला हवा. चोरीने नाडलेल्या माणसासमोर तोच स्वस्त मोह ठेवत असतो.

व्हॅनकाकांनी तीन दिवस विचार केला. त्यांच्या गाडीत मागच्या बाकावर सहा-सात वर्षांची पोरं बसतात आणि शाळेच्या दारात अशा कितीतरी व्हॅन इंजिन चालू ठेवून एकामागे एक उभ्या असतात. शेवटी त्यांनी हप्त्यावर कंपनीचाच भाग घेतला. त्याच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घेतला, नटांवर वेल्डिंगचे टाके मारले, खालून लोखंडी पट्ट्यांची जाळी ठोकली. आता ते रात्री व्हॅन दिव्याच्या खांबाखाली, भिंतीला अगदी चिकटवून लावतात. सकाळी साडेसहाला ती कधी सुरू होऊन निघून जाते, ते आम्हाला कळतही नाही.