चंदू सरवटे: नऊ कसोटींत न मावलेला इंदूरचा अष्टपैलू

चंदू सरवटे हे नाव निघालं की जुने क्रिकेटप्रेमी एकच गोष्ट सांगतात, ती १९४६ च्या ओव्हलची. गोष्ट खरी आहे आणि भारीही आहे. पण तेवढ्यावर थांबलं, तर इंदूरच्या या मराठी खेळाडूची खरी कमाई बाजूलाच राहते.

ओव्हलवर काय झालं?

मे १९४६. इंग्लंड दौऱ्यावर सरेविरुद्ध भारताची अवस्था ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकाचे सरवटे खेळपट्टीवर होते, सोबतीला अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी आले. आता डाव गुंडाळणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण या दोघांनी २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा एकमेव प्रसंग. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. सरेला फॉलोऑन मिळाला, तेव्हा दुसऱ्या डावात सरवट्यांनीच पाच बळी घेतले. भारत नऊ गडी राखून जिंकला.

मग कसोटीत आकडे इतके कमी का?

१९४६ ते १९५१ या काळात सरवटे नऊ कसोटी खेळले. धावा २०८, बळी फक्त तीन. नुसते हे आकडे बघितले तर कुणीही म्हणेल, साधाच खेळाडू. पण प्रथम श्रेणीचा हिशेब काढा: ७,४३० धावा आणि ४९४ बळी. एवढी तफावत कशी?

एक कारण असं, की अष्टपैलूला संघात ठरलेली जागा नसते; जिथे भोक पडेल तिथे त्याचं ठिगळ लावतात. सरेविरुद्ध दहाव्या क्रमांकावर खेळलेले सरवटे १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात थेट सलामीला गेले. मेलबर्न कसोटीत विनू मंकड यांच्यासोबत त्यांनी १२४ धावांची सलामी दिली. गोलंदाजीत तर मंकड स्वतःच संघाचे हुकमी फिरकीपटू. मग त्याच कामासाठी दुसऱ्याच्या हाती चेंडू किती येणार?

इंदूरनं काय दिलं?

सरवट्यांचा जन्म १९२० चा, सागरचा. पहिला प्रथम श्रेणी सामना ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडकडून खेळले. पण बस्तान बसलं ते होळकरांच्या इंदुरात.

तेव्हा आजच्यासारखे करार नव्हते, लिलाव तर नव्हतेच. घर चालवून क्रिकेट खेळायचं तर संस्थानाचा आधार मोठा. सी. के. नायडूंना होळकरांनी आपल्या लष्करात हुद्दा दिला आणि त्यांच्याभोवती संघ उभा राहिला. मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर, सरवटे अशी एकाहून एक माणसं त्यात होती. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघानं रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चार वेळा करंडक जिंकला. मधेच १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, तरी संघाचं नाव काही वर्षं तेच राहिलं.

या संघात सरवट्यांना काय काम होतं, ते १९४५-४६ च्या म्हैसूरविरुद्धच्या सामन्यात दिसतं. होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या, एकाच डावात सहा शतकं! त्यातलं एक सरवट्यांचं. आणि म्हैसूरच्या पहिल्या डावात त्यांनी ६१ धावांत नऊ बळी घेतले. एकाच सामन्यात शतक आणि एका डावात नऊ बळी, हा खरा अष्टपैलूचा खेळ. फलंदाज म्हणून त्यांची सर्वोच्च खेळी २४६ धावांची, तीही रणजीतच, १९५०-५१ मध्ये बंगालविरुद्ध.

खेळापलीकडे

सरवटे कायद्याचे पदवीधर होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर गेले. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत तेही होते. त्या संघात कपिल देव, मोहिंदर अमरनाथ, रॉजर बिन्नी, मदनलाल असे बॅट आणि चेंडू दोन्ही चालवणारे किती होते, ते आठवून बघा. डिसेंबर २००३ मध्ये इंदुरातच त्यांचं निधन झालं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ओव्हलची गोष्ट काढली, तर तिला म्हैसूरचा सामना जोडून सांगा. ओव्हलवर ते अडीअडचणीला धावून आले. इंदुरात ते रोजचे होते.