रिव्हेट, निळा रंग आणि वालधुनी

उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचमधल्या गाळ्यांत जीन्स शिवतात ती कामं वाटून. एक जण खिसे जोडतो, दुसरा साइड मारतो, तिसरा बेल्ट चढवतो आणि शेवटी खिशाच्या कोपऱ्यावर रिव्हेट ठोकतात. ही युक्ती अमेरिकेतल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. मजुरांचे खिसे अवजारांच्या ओझ्याने उसवत, म्हणून त्याने ते धातूने जखडले. पेटंटचा खर्च झेपेना, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या लीव्हाय स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याला त्याने भागीदार करून घेतलं. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं.

पुढची कित्येक दशकं ही पँट खाणकामगार, गुराखी आणि शेतमजुरांचीच राहिली. १९५५ मध्ये अभिनेता जेम्स डीन पडद्यावर जीन्स घालून आला आणि तरुण पोरं तिच्या मागे लागली. जीन्सची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. मला मोठी वाटते ती त्यानंतरची.

१९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध लढा पुकारला. आपल्याकडे दिवाळीला तसे तिथे ईस्टरला नवे कपडे घेतात. शहरातल्या दुकानांना कृष्णवर्णीयांचे पैसे चालत, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर त्यांना बसू देत नसत. तेव्हा ईस्टरची खरेदीच बंद करायचं ठरलं. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी राल्फ अबरनथी नेहमीचा सूट बाजूला ठेवून जीन्स आणि कामकऱ्याचा शर्ट घालून मोर्चात चालले आणि पकडले गेले. किंग यांनी कोठडीत लिहिलेलं पत्र आज जगभर वाचलं जातं. मिसिसिपीच्या खेड्यांत मतदार नोंदणीसाठी फिरणारे विद्यार्थीही डेनिमच घालत, कारण ज्या शेतमजुरांच्या दारात जायचं त्यांच्या अंगावर तेच असे. खादीचं राजकारण जाणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला, ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदानाच्या हक्काचा.

डेनिमच्या उभ्या धाग्यावर निळीचा थर बसतो, गाभा पांढराच राहतो. जिथे घासेल तिथे रंग उडतो. शेतमजुराच्या गुडघ्यावरचा तो फिकेपणा वर्षानुवर्षांच्या कष्टाचा असे. पुढे तोच तरुणांना हवासा झाला आणि ड्रममध्ये प्युमिसचे दगड टाकून कारखाने तो घडीभरात काढून देऊ लागले.

ही धुलाई पुढे जिथे आली ते उल्हासनगर वसलं फाळणीनंतर. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नगराची कोनशिला बसवली. सगळं गमावून आलेल्या या माणसांनी शून्यातून धंदे उभे केले, त्यातला जीन्सचा पुढे फार वाढला. पण धुलाईचं निळं पाणी वालधुनीत गेलं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहत येणारी ही नदी रासायनिक सांडपाण्यानेही नासली होती. प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचलं, धुलाई कारखान्यांना टाळी लागली, कामगारांची रोजी बुडाली.

रोजी हवी की नदी, असा प्रश्न या लोकांपुढे टाकणंच मला अन्यायाचं वाटतं. सांडपाणी शुद्ध करणारं सामायिक केंद्र चालवायला एका पँटमागे किती खर्च येतो, हा हिशेब कारखानदार, महापालिका आणि प्रदूषण मंडळाने एकत्र बसून मांडावा. तो कपड्याच्या भावात धरावा आणि आपण गिऱ्हाइकांनी घासाघीस न करता मोजावा.