शून्य उरलं तर

परभणीत मे महिन्याच्या दुपारी पंखाही गरमच वारा देतो. अशा दिवसांत वसमत रोडवरचे एक निवृत्त गणिताचे सर मूळ संख्या शोधायला घरचा संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात, असं कळलं म्हणून गेलो. खोलीभर तापलेल्या धुळीचा वास. कूलरचं तोंड माणसांकडे नव्हे, यंत्राकडे.

"चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस!" मी टेकायच्या आत सर म्हणाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, तोवरच्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येत एवढे अंक आहेत. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांटने १७ देशांतली यंत्रं जुंपून ती शोधली. पानावर ३,००० अंक बसवले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील. शेवटचा अंक मात्र शाळकरी पोरही सांगेल. घातांकाला ४ ने भागलं की १ उरतो, म्हणून घाताच्या शेवटी २. त्यातून १ गेला, राहिला १.

१९९६ पासून चालू असलेल्या 'गिम्प्स' या जागतिक उपक्रमाकडून सरांना एकेक घातांक मिळतो. यंत्र तो तपासतं, उत्तर परत जातं. लाइट गेली तरी काम मुळापासून करावं लागत नाही. उत्तर आजवर 'नाही' असंच आलंय.

"नाही तर नाही. नोंद होते ना!"

"आणि वीजबिल?"

"पेन्शन!" आतून काकूंनी सांगितलं.

बँकेच्या व्यवहारांना कुलूप घालायला तीनेकशे अंकी मूळ संख्या पुरतात. चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंकांचं करायचं काय, याचं उत्तर मला मिळालं नाही. सरांना ते हवंही नव्हतं. देवळालीचे द. रा. कापरेकर शाळेत शिकवता शिकवता आकड्यांत रमले, ६१७४ ची गंमत त्यांनी जगाला दाखवली. सर त्यांना मानतात. म्हणूनच की काय, यंत्राकडे पाठ करून त्यांनी खडू घेतला, आणि मला यंत्रापेक्षा तो फळाच जास्त पटला.

२ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७. सुरुवात ४ ने. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच फेऱ्या. शून्य उरलं, १२७ मूळ. ड्युरांटच्या संख्येवर शिक्कामोर्तब झालं ते याच ल्युकास-लेमर कसोटीने. फेऱ्या तेवढ्या १३,६२,७९,८३९.

जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी ही कसोटी वर्गात एकदा करून दाखवावी. १२७ झाली की २ चा ११ वा घात वजा १ घ्यावा, म्हणजे २०४७. नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतात, शून्य नाही. भाजक कोणते ते कसोटी सांगत नाही. ते २३ आणि ८९ आहेत.