वेधशाळेइतकीच वाटही महत्त्वाची

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र मराठवाड्यात उभे राहावे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. तथापि अशा वेधशाळेचे मोल केवळ तिच्या यंत्रसामग्रीवर ठरत नाही; तिने टिपलेली माहिती भगिनी-वेधशाळांपर्यंत किती त्वरेने पोहोचते, यावरही ते अवलंबून असते.

याचा धडा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेली लहर त्या दिवशी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांपर्यंत आली. लहर आल्याचे एकट्या वेधशाळेलाही कळते. ती कोठून आली हे ठरविण्यास मात्र तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र ताडून पाहाव्या लागतात. नेमक्या त्याच वेळी व्हर्गोकडील माहितीच्या वहनात अडथळा आला आणि लिव्हिंगस्टनच्या नोंदीत यंत्राचा गोंगाट मिसळला. परिणामी आकाशातील स्थान जाहीर होण्यास सुमारे पाच तास लागले. चिलीत तेव्हा दिवस होता, म्हणून निभावले. घटनेनंतर सुमारे अकरा तासांनी तेथील दुर्बिणीस त्या मीलनाचा प्रकाश सापडला. रात्र आधीच सुरू झाली असती, तर निरीक्षणाचे अमोल तास वाया गेले असते.

भारताला हा विषय नवा नाही. संशोधन संस्थांना जोडणारे ‘एर्नेट’ हे जाळे १९८६ साली सुरू झाले. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर होऊन सुमारे दीड हजार संस्था जोडण्याचा संकल्प सोडण्यात आला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील कणांच्या टकरींच्या माहितीचे पृथक्करण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, तेही अशाच वाहिन्यांच्या बळावर.

ज्या भागात उन्हाळ्यात पाण्याची ददात, तेथे आकाशातील लहरींचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर भाषणांनी नव्हे, आखणीनेच द्यावे लागेल. वेधशाळेकडे जाणारी वाहिनी वसमत-कळमनुरीच्या महाविद्यालयांना वगळून गेली, तर हमरस्ता गावाशेजारून जावा आणि गावाला फाटाच नसावा, असे होईल. अमेरिका व इटलीतील या वेधशाळांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. तिचा अभ्यास करण्यास मोठी पदवी लागत नाही. लागते ती वेगवान जोडणी, एखादा संगणक आणि वाट दाखविणारा शिक्षक.

सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान मूठभर संस्थांच्या कुंपणात राहू नये. वेधशाळेबरोबरच या वाटेचीही तरतूद व्हावयास हवी. मागाहून आठवण्याजोगी ती बाब नव्हे. अन्यथा विश्वाच्या टोकाकडून आलेला निरोप हिंगोलीत पोहोचेल, पण हिंगोलीच्या मुलांपर्यंत पोहोचणार नाही.