गाडी पेट्रोल का घेत नाही?

उदगीरहून देवणीच्या रस्त्याला एप्रिलच्या दुपारी जुनी मोटरसायकल कडेला लावून किकवर किक मारणारा मनुष्य आपणांपैकी प्रत्येकाने पाहिला असेल. कित्येकांनी तो आरशातही पाहिला असेल. पाय भरून आला की तो बिचारा गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणतो, आणि तेथे त्यास बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते : "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, खोलावा लागेल." हे निदान पुष्कळदा खरे असते, पण जितक्या वेळा ते सांगितले जाते तितक्या वेळा खासच नसते. कार्बोरेटर खोलण्यापूर्वी काय पाहावे, एवढाच आमचा विषय आहे.

हा विषय आता जुना झाला, असे कोणी म्हणेल. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले, हे खरे. पण खेड्यांतून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या आणि मोंढ्यावर उभ्या असणाऱ्या गाड्या पाहा. त्यांतील कितीतरी त्या तारखेपूर्वीच्या आहेत. अशा मालकाची गाडी सकाळी बंद पडली म्हणजे त्या दिवसाचे दूध घरीच राहते.

प्रथम कार्बोरेटर म्हणजे काय ते पाहू. ढेकणांच्या औषधाचा हातपंप आपणांस आठवत असेल. आडव्या नळीतून हवा जोराने गेली की खालच्या डब्यातले औषध उभ्या नळीतून वर चढते आणि त्याचा फवारा होतो. कार्बोरेटरात हेच घडते. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक पितळी छिद्रातून वर ओढले जाते. वाटीत पेट्रोलची पातळी सदैव सारखी हवी. ते काम फ्लोट करतो. घराच्या पाण्याच्या टाकीत बॉल-कॉक करतो तसेच. पेट्रोल चढले की फ्लोट वर येऊन सुईने वाट बंद करतो. सर्वसाधारणपणे एक भाग पेट्रोलास वजनाने पंधराएक भाग हवा, असे मिश्रण इंजिनास मानवते.

आता बंद पडलेल्या गाडीकडे येऊ. ती कशी बंद पडली, हे आधी आठवावे. दिवा मालवावा तशी एकदम थांबली असेल तर दोष बहुधा विजेचा, म्हणजे प्लगचा किंवा वायरीचा. आचके देत, रडतखडत थांबली असेल तर पेट्रोलचा. पेट्रोलचा वाटला तर वाटीच्या तळाशी जो छोटा स्क्रू असतो तो इंजिन निवल्यावर सैल करावा आणि खाली बाटली धरावी. (बिडी ओढणाऱ्या मित्रास या वेळी चार हात दूर बसवावे.) धार सलग आली तर पेट्रोल वाटीपर्यंत पोहोचते आहे आणि दोष पुढे आहे. धार आलीच नाही, किंवा येऊन थेंबांवर आली, तर कार्बोरेटरच्या जेटांना हात लावण्याचे कारणच नाही; दोष मागे, टाकी, नळ, पाइप किंवा फार तर फ्लोटची सुई येथे आहे.

आणि टाकी म्हटली की झाकण. त्यास एक बारीक छिद्र असते, कारण पेट्रोल खाली उतरावयाचे तर त्याची जागा घेण्यास वर हवा शिरली पाहिजे. आमची स्वतःची गाडी एका उन्हाळ्यात दर सहा-सात किलोमीटरला बंद पडे आणि दहा मिनिटे थांबले की मुकाट्याने चालू होई. दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ झाला, एके ठिकाणी नवा घ्या म्हणून सांगितले. शेवटी रस्त्यात पेट्रोल किती उरले ते पाहावे म्हणून झाकण उघडले, तो आत 'सुस्स' करून हवा शिरली, आणि पहिल्या किकला गाडी चालू! धुळीने छिद्र बुजले होते. टाचणीने काम झाले.

वाटीतून पेट्रोल वाहून जात असेल तर सुईखाली कचरा अडकलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीस हलके टिचकावून पाहावे. कित्येकदा तेवढ्यानेच थांबते. गाडी चोक ओढल्यावरच चालते आणि सोडताच मरते, तर स्लोचे जेट बुजले असावे किंवा इंजिनाजवळचा रबरी जोड तडकून हवा ओढत असावा. स्लोला बरी, पण वेग घेताना दम तोडते, तर मोठे जेट पाहावे. धूर काळा आणि प्लग काजळलेला असेल तर एअर फिल्टर आधी झटकावा. आपल्याकडील धुळीत तो लवकर भरतो. जेटात तार मात्र घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. सायकलच्या पंपाने हवा मारावी.

अलीकडे एक नवे कारण आले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आमच्या लातूर जिल्ह्यासारख्या उसाच्या मुलखात ही गोष्ट वाईट कशी म्हणावी? पण जुन्या गाडीस ती जाचते. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून खाली आणते, काही जुनी रबरे फुगविते, आणि पाणी शोषते. पाणी फार झाले की दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. म्हणूनच नळ रिझर्व्हवर फिरविल्यावर गाडी अडखळू लागली तर तळच्या पाण्याचा संशय घ्यावा. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते. जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे, तेव्हा मिश्रण पातळ होते आणि गाडी थोडी जास्त तापते.

गाडी महिनाभर उभी ठेवावयाची असेल तर नळ बंद करून, वाटीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालू ठेवावे. जुन्या जावा आणि राजदूतवाल्यांना ही सवय होती; त्यांच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेले असे, पेट्रोल उडून गेले की मागे ऑइलच जेटात चिकटून राही.