लॅपटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क: नवा लॅपटॉप घेण्याआधी एवढे बघून घ्या

घरातला सहा-सात वर्षांचा लॅपटॉप चालू व्हायला चार-पाच मिनिटे घेतो. ‘सी’ ड्राइव्हवर लाल पट्टी दिसते. मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, शिष्यवृत्तीचे फॉर्म, अब्बांच्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन, आखातात असलेल्या भावाची अटेस्ट केलेली सर्टिफिकिटे आणि घरातल्या लग्नांचे फोटो, सगळे त्या एकाच मशीनमध्ये असते. मग घरात बोलणे सुरू होते की आता नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल.

आमचे म्हणणे एवढेच, की पैसे काढण्याआधी एकदा मशीन तपासून घ्या. अशा बऱ्याच लॅपटॉपचा प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड ठणठणीत असतात. दमलेली असते ती आतली हार्ड डिस्क. तिच्या जोडीला दुसरी ड्राइव्ह बसवली तर तोच लॅपटॉप आणखी दोन-तीन वर्षे आरामात काम देतो. चालणारी वस्तू बाजूला टाकून नवी आणणे हा इसराफच. पण घाईत चुकीची ड्राइव्ह आणली किंवा जुना डेटा पुसला गेला, तर तेही नुकसानच. म्हणून काय बघायचे, काय घ्यायचे आणि काय सांभाळायचे, ते इथे देत आहोत.

लॅपटॉप हळू का होतो?

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क असते. तिच्यात गोल तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० वेळा, आणि एक बारीक काटा तिच्यावरून माहिती वाचतो. मोठी फाइल सलग वाचायची तर तिचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी असतो. पण विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. तेव्हा काट्याची धावपळ होते आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, सगळे चिपवर असते. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास असतो, एनव्हीएमई प्रकारचा त्याहून कितीतरी जास्त. जुन्या लॅपटॉपला मात्र साधी साटा एसएसडी लावली तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विंडोज एसएसडीवर घ्यायचे आणि जुनी हार्ड डिस्क फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांसाठी तशीच ठेवायची, हा सगळ्यात फायद्याचा सौदा.

दुसरी ड्राइव्ह बसणार कुठे?

लॅपटॉपमध्ये यासाठी तीन जागा असू शकतात.

पहिली, एम.२ स्लॉट. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट एसएसडी यात बसते. नेहमीचे माप २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. एक टीबी हार्ड डिस्कसोबत विकल्या गेलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये हा स्लॉट रिकामाच असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मात्र दिसायला सारख्या असलेल्या एम.२ ड्राइव्ह दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. चुकीची आणली तर ती बसेल, पण लॅपटॉपला दिसणार नाही.

दुसरी, अडीच इंची रिकामी जागा. काही लॅपटॉप एम.२ एसएसडीसह येतात आणि हार्ड डिस्कची जागा मोकळी असते. पण ड्राइव्ह जोडायची चपटी केबल आणि धरून ठेवणारी पट्टी कंपनीने दिलेली नसते. ती मॉडेलप्रमाणे वेगळी मागवावी लागते. काही मॉडेलमध्ये मोठ्या बॅटरीने ही जागा व्यापलेली असते, तिथे इलाज नाही.

तिसरी, डीव्हीडी ड्राइव्हची जागा. आज सीडी कोण लावतो? ती ड्राइव्ह काढून त्याच मापाची कॅडी बसवता येते. कॅडी म्हणजे अडीच इंची डिस्क ठेवायची चौकट. ती दोन जाडीत मिळते, १२.७ मिमी आणि ९.५ मिमी. डीव्हीडी ड्राइव्ह काढून, मोजून मगच कॅडी घ्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती खालच्या एका स्क्रूवर अडकलेली असते.

कॅडीचा मार्ग घेतला तर नवी एसएसडी मूळ हार्ड डिस्कच्या जागी लावा आणि जुनी डिस्क कॅडीत घाला. डीव्हीडीच्या जोडणीचा वेग काही मशीनमध्ये कमी असतो आणि तिथून विंडोज चालू होण्यात अडचण येऊ शकते. जुन्या डिस्कला तेवढा वेग पुरतो.

पातळ लॅपटॉप आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच झाळलेले असते. तिथे आत काही करता येत नाही. यूएसबी ३.० ची बाहेरची एसएसडी हाच पर्याय.

दुकानात जाण्याआधी

टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये बघा. डिस्कसमोर एचडीडी लिहिले आहे की एसएसडी, ते कळते. आधीच एसएसडी असेल तर अडचण रॅमची असू शकते. चार जीबी रॅम असेल तर लॅपटॉप उघडलाच आहे तर तीही वाढवून घ्या.

लॅपटॉपच्या खाली छापलेला पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याचे सर्व्हिस मॅन्युअल बघा. नुसते कंपनीचे नाव सांगून ड्राइव्ह आणू नका. एकाच नावाच्या दोन मॉडेलमध्ये आतली रचना वेगळी असते.

वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीला विचारा.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम जुन्या डिस्कची तब्येत सांगतो. ‘गुड’ आले तर ठीक. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आले तर तिच्यावर घरची कागदपत्रे ठेवायची नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलासुरला डेटाही जातो.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात तापकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन, पण पक्के बिल आणि वॉरंटी घ्या. काही शेकड्यांत ‘१६ टीबी’ची बाहेरची ड्राइव्ह दिसली तर तिकडे बघूही नका. तिच्यात छोटे मेमरी कार्ड घालून विंडोजला खोटे माप दाखवलेले असते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली गायब होतात, आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

बसवण्याआधी आणि बसवताना

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढा. नंतर नव्हे, आधी.

मग बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. मशीनने ती मागितली आणि हाताशी नसली, तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आत असेल तर झाकण उघडल्यावर तिची जोडणी आधी सोडवा. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली वीज उतरवा. स्क्रू कुठला कुठे होता, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जोर लावून काही उपटू नका. हात कापत असेल तर सरळ दुकानात द्या, पण समोर बसून करून घ्या.

विंडोज नव्या एसएसडीवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, क्लोन, म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल. क्लोनझिला मोफत आहे आणि काही एसएसडी कंपन्या स्वतःचा प्रोग्राम देतात. दुसरा, आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज कोरे टाकणे. मूळ विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे इंटरनेट लागल्यावर ते सहसा आपोआप चालू होते.

उर्दू शाळा, मदरसे आणि छपाईवाल्यांनी इथे थांबून विचार करावा. इनपेज, श्रीलिपी, जुने नस्तालीक फॉन्ट कोऱ्या विंडोजमध्ये पुन्हा टाकावे लागतात. त्यांची सीडी किंवा परवाना हाताशी नसेल तर क्लोनच करून घ्या.

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एसएसडी पहिल्या नंबरवर ठेवा. नवी कोरी ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसली नाही तर घाबरू नका. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ती ‘इनिशिअलाइझ’ करून फॉरमॅट करावी लागते. पण हाच प्रश्न जुन्या, डेटा असलेल्या डिस्कबद्दल विचारला गेला तर ‘ओके’ दाबू नका. तिथेच लोकांचे फोटो जातात.

नव्या ड्राइव्हवर आठ-दहा दिवस काम नीट चालेपर्यंत जुन्या डिस्कवरचे काहीही पुसू नका.

विंडोज १० चे काय?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपला लॅपटॉप त्यात बसत नसेल तर नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकता येते. फॉर्म भरणे, ऑनलाइन क्लास, टायपिंग, एवढ्या कामाला ते पुरते आणि पैसे लागत नाहीत. फक्त आपला प्रोग्राम त्यावर चालतो का, ते आधी बघा. इनपेज विंडोजसाठी आहे.

दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. दोन ड्राइव्ह एकाच लॅपटॉपमध्ये असल्या तर लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला किंवा व्हायरसने फाइलींना कुलूप लावले, की दोन्ही एकदमच जातात. कोकणातल्या पुरात भिजलेल्या घराला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून तीन-दोन-एकचा नियम पाळा. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर कपाटात, एक क्लाउडवर किंवा मामूंच्या घरी. सातबारा, जन्मदाखले, निकाहनामा, मार्कशीट, पासपोर्ट, एवढे स्कॅन तर काही एमबीतच मावतात.

मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानच्या विश्वस्तांनाही हेच सांगणे आहे. २०२५ मध्ये उमीद पोर्टल सुरू झाल्यावर वक्फ मिळकतींचे जुने कागद शोधून, स्कॅन करून चढवावे लागले. ती मेहनत मुतवल्लींच्या मुलाच्या एकाच लॅपटॉपवर पडून असेल तर ती सुरक्षित नाही.

घरचे फोटो ही अमानत

दुरुस्तीला लॅपटॉप देताना घरच्या बायका-मुलींचे फोटो, आधार कार्ड, बँकेचे कागद त्याच्यासोबत परक्या हातात जातात. दोन ड्राइव्हचा इथे मोठा फायदा आहे. खासगी सगळे दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवले असेल तर ती काढून घरी ठेवा आणि मगच मशीन द्या. काढता येत नसेल तर त्या ड्राइव्हला पासवर्डचे कुलूप लावा.

जुनी डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर नुसते ‘डिलीट’ केल्याने फाइली जात नाहीत, त्या परत काढता येतात. हार्ड डिस्क असेल तर ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, पण जागा खरोखर पुसली जाते. एसएसडीसाठी कंपनीच्या प्रोग्राममधला ‘सिक्युअर इरेज’ वापरा. बंद पडलेली डिस्क असेल तर ती फोडूनच द्या.

सुरुवात आज रात्रीच करता येते. टास्क मॅनेजर उघडा, डिस्क कुठली आहे ते बघा, लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर लिहून घ्या. आणि त्याच्याही आधी, कागदपत्रांचे फोल्डर एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा.