भोकाच्या कडेवरचा ताण

ट्रॅक्टरच्या पंजीचा फण मोडला, तर तो नेमका कुठे मोडला हे आधी बघावे. बुलढाणा जिल्ह्यात खरिपाआधी काळ्या रानात पंजी फिरते, मातीत दडलेल्या दगडाला फण अडतो आणि पोलाद तुटते. भेग बहुधा बोल्टच्या भोकापाशी, आतल्या कोपऱ्यात किंवा वेल्डिंगच्या कडेला सुरू होते. मधल्या सपाट भागात ती क्वचितच दिसते.

ओढ्यात दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटून वाहते. भोकाभोवती बलाच्या वाटाही तशाच दाटतात. रुंद पत्र्यातल्या लहान गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले. पण फणाला बाक असतो, जाडी असते, बोल्ट असतात. इतके सगळे एकत्र आले की सोपे सूत्र पुरत नाही आणि फायनाइट एलिमेंट पद्धत लागते.

या पद्धतीत संगणक वस्तूचे हजारो लहान तुकडे पाडतो आणि त्यांना ठरावीक बिंदूंवर जोडतो. बल लावल्यावर प्रत्येक बिंदू किती सरकेल, यासाठी समीकरणे मांडली जातात. सरकणे कळले की तुकडा किती ताणला गेला ते कळते, आणि त्यावरून ताण निघतो. विमानाच्या रचनेसाठी ही मांडणी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. तिला आजचे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने याच कामासाठी ‘फीस्ट’ हे सॉफ्टवेअर घडवले आहे.

सुरुवात मात्र फणापासून करू नये, साध्या पट्टीपासून करावी. ५० मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टी घ्या, मध्यभागी १० मिमीचे भोक. एक टोक पक्के धरा, दुसऱ्या टोकाला २०,००० न्यूटन, म्हणजे साधारण दोन टनांची ओढ लावा. भोकापाशी उरलेले क्षेत्रफळ ४०० चौरस मिमी, म्हणून तिथला सरासरी ताण ५० मेगापास्कल. या मापांना भोकाच्या कडेवर त्याच्या सुमारे अडीचपट ताण येतो: १२५ मेगापास्कल. हा आकडा संगणक सुरू करण्याआधीच कागदावर हवा. मग पट्टीवर जाळी, म्हणजे त्या लहान तुकड्यांची आखणी, टाकावी. ती ठोकळ असेल तर उत्तर कमी येते; भोकाजवळ बारीक करत गेले की १२५ च्या आसपास स्थिरावते. धरलेल्या टोकाची प्रतिक्रिया २०,००० न्यूटन भरते का, हेही तपासावे.

खरी परीक्षा आतल्या काटकोनी कोपऱ्याची आहे. तिथे जाळी जितकी बारीक कराल, तितका ताण वाढतच जातो, कुठेच थांबत नाही. गणितातल्या कोपऱ्याची त्रिज्या शून्य असते, त्यामुळे तो आकडा निरर्थक ठरतो. कोपऱ्याला खरी गोलाई दिली की उत्तर जागेवर येते, आणि वर्कशॉपमध्ये तीच गोलाई फणाचे आयुष्यही वाढवते. साध्या पोलादाची सहनशक्ती २५० मेगापास्कल आहे म्हणून १२५ वर निर्धास्त होऊ नये. फणाला धक्के वारंवार बसतात आणि थकव्याची भेग त्याहून कमी ताणालाही वाढू शकते.

जाळीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत नॉर्वेने मोजली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा तळ चाचणीत बुडाला. विश्लेषणात काही भिंतींवरचे कातर-बल ४७ टक्के कमी धरले गेले होते, आणि त्यामागे सदोष जाळी होती. अपघातानंतरच्या हिशेबात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे निघाले; प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. म्हणजे आधी नीट हिशेब झाला असता, तर धोका कळला असता.

शेगाव, चिखली, मलकापूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलिक्स, फ्रीकॅड ही साधने आज फुकट मिळतात. प्रकल्पासाठी परक्या विमानाचा पंख घेण्यापेक्षा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातला तुटलेला फण घ्या, त्याची मापे स्वतः घ्या. आणि अहवालात रंगीत चित्राच्या आधी हाताने काढलेला आकडा छापा.